पांघरूण वर करून टाचा बघा

मागच्या पावसाळ्यात आत्या न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि सहाव्या दिवशी दवाखान्यातून सांगण्यात आलं की आता इथे ठेवण्यासारखं काही नाही, पुढचं रिहॅबमध्ये होईल. आत्या 79 वर्षांची. इंदुरातलं आमचं रामबागेतलं घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि घरात मी नि नोकरीला जाणारा मुलगा. शेजारच्या काकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "रिहॅब म्हणजे ते दारू सोडवतात तेच ना गं?" आपल्याकडे या शब्दाची ओळख एवढीच आहे.

दोन दिवसांत मी तीन जागा पाहिल्या आणि त्यातली एक निवडली. कशावरून? फरशी चकचकीत होती, चादरी पांढऱ्याशुभ्र होत्या, कसला वास येत नव्हता. 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या इंदुरात राहून आपली नजरच तशी झाली आहे. स्वच्छ दिसलं की विश्वास बसतो. नवव्या दिवशी आत्याचे पाय चेपावेत म्हणून मी तिचे मोजे काढले, तर उजव्या टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा लालसर-जांभळा डाग. बोटाने दाबला तरी रंग हलेना. चादर तेव्हाही पांढरीशुभ्रच होती.

पुढच्या पाच आठवड्यांत मी सिस्टरला, फिजिओथेरपीच्या मुलाला, हाडांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून जे समजून घेतलं, ते इथे लिहिते आहे. इंदूरच्या मराठी घरांतली मुलं पुण्याला, बंगळूरला, परदेशात आहेत आणि मागे सत्तरी ओलांडलेली माणसं. माझ्यावर आली ती वेळ अनेकांवर येणार आहे.

आधी नावाचा घोळ

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचा छोटा खासगी दवाखाना, जिथे बाळंतपणं होतात, अपेंडिक्स काढतात. अमेरिकेत याच शब्दाचा अर्थ आहे म्हाताऱ्या, परावलंबी माणसांना दीर्घकाळ सांभाळण्याची जागा. त्यामुळे इंटरनेटवर वाचलेलं आपल्या कामी येत नाही आणि फोनवर चौकशी करताना आपण एक विचारतो, समोरचा दुसरंच सांगतो.

इथे ढोबळमानाने तीन प्रकार समजा. वृद्धाश्रम ही राहण्याची जागा, हिंडत्याफिरत्या माणसासाठी. रिहॅब ही ऑपरेशननंतर किंवा पक्षाघातानंतर माणसाला पुन्हा उभं करून घरी पाठवण्याची जागा. आणि तिसरी, अंथरुणाला खिळलेल्यांची देखभाल करणारी. तिला कोणी केअर सेंटर म्हणतं, कोणी आणखी काही. पुष्कळदा एकाच इमारतीत एकाच पाटीखाली तिन्ही चालतात. म्हणून आपल्या माणसाला यातलं नक्की काय हवंय ते आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. आत्याला उभं करायचं होतं. नुसतं सांभाळणाऱ्या जागेत ती कायमची आडवी झाली असती. दहा दिवस अंथरुणात पडून राहिलं तर धडधाकट म्हाताऱ्या माणसाच्याही पायांचे जवळपास किलोभर स्नायू झडतात, हे प्रयोगात मोजलं गेलंय. इथे तर हाड मोडलेलं होतं.

दर्जा कुठे दिसतो

अवेडिस दोनाबेदियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 साली आरोग्यसेवेचा दर्जा तपासायची एक साधी रीत मांडली, ती आजही जगभर वापरतात. तीन गोष्टी बघायच्या: काय आहे, काय केलं जातं आणि त्याचं पुढे काय होतं. खाटा, लिफ्ट, ऑक्सिजन, माणसांची संख्या हे "काय आहे". वेळेवर कूस बदलणं, पाणी पाजणं, चालवणं हे "काय केलं जातं". आणि माणूस घरी चालत गेला की जखमा घेऊन गेला, हे "पुढे काय झालं".

जागा दाखवायला नेतात तेव्हा पहिलीच गोष्ट दाखवतात. दुसरी रात्री घडते किंवा घडत नाही, ती बघायला आपण तिथे नसतो. तिसरी मात्र आपल्या माणसाच्या अंगावर लिहिलेली असते. ती वाचता यायला हवी.

आत्याच्या टाचेचंच घ्या. आपण झोपेतसुद्धा सारखे हलत असतो, म्हणून एका जागी भार राहत नाही. ज्याला हलता येत नाही त्याच्या हाड वर आलेल्या जागी, म्हणजे माकडहाड, खुबे, टाचा, कोपरं, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, रक्त पोचत नाही आणि मांस मरायला लागतं. हे काही तासांत सुरू होऊ शकतं. यालाच बेडसोर म्हणतात आणि त्याच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत कातडी शाबूत, पण लाली दाबूनही जात नाही. दुसरीत वरचा थर सोलवटतो किंवा फोड येतो. तिसरीत जखम चरबीपर्यंत जाते आणि चौथीत स्नायू, हाड दिसायला लागतं. पहिल्या पायरीवर भार हलवला तर डाग काही दिवसांत मावळतो. चौथीला महिने लागतात आणि त्यात माणूस दगावूही शकतो.

लाल डागावर बोट दाबून सोडा. निरोगी कातडी आधी फिकी पडते, मग पुन्हा रंग भरतो. फिकी पडलीच नाही तर धोका. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही. तिथे हात फिरवून बघायचं, आजूबाजूपेक्षा जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का. अशा जागी मालीश करू नये. आपल्याकडे माया म्हणून तेल लावून चोळतात, त्याने आतलं नाजूक मांस आणखी दुखावतं. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडांचा दाब सगळीकडून पडतो. टाचेसाठी उपाय फार सोपा आहे: पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाच अधांतरी राहील. आत्याच्या टाचेला एवढंच केलं, आठवडाभरात डाग गेला. ते पहिल्या दिवसापासून करायला काही खर्च नव्हता.

मग का केलं नाही? मी रागावूनच विचारलं होतं. उत्तर मला एका रात्री तिथे थांबल्यावर मिळालं.

आत्याच्या मजल्यावर 18 खाटा. त्यातल्या दहाजणांना स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. रात्री ड्यूटीवर एक सिस्टर आणि देखभालीची एक बाई. अंगाने जड माणसाला न ओढता, न घासता कुशीवर वळवायला दोघी लागतात. ओढलं तर कातडी सोलते. वळवणं, डायपर बघणं, उशा लावणं, माणशी आठ मिनिटं धरा. दहाजणांची एक फेरी 80 मिनिटांची. दर दोन तासांनी फेरी करायची तर मध्ये उरतात 40 मिनिटं आणि त्यात इंजेक्शनं, सलाइन, घंटा वाजली की धावणं, कोणाला संडासला नेणं. बसायला, पाणी प्यायला वेळच नाही. मी होते त्या रात्री बाराची फेरी झाली, दोनची झाली नाही. दोनच्या सुमाराला सहा नंबरच्या आजोबांनी सलाइन उपसून काढलं आणि दोघी तिकडेच अडकल्या. पहाटे पाचला सिस्टरने चार्ट उघडला आणि 10, 12, 2, 4 या चारही रकान्यांत एकाच पेनाने एका दमात सह्या केल्या. मी काही बोलले नाही. तिचे पाय सुजलेले मला दिसत होते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. जागा निवडताना पहिला प्रश्न एसीचा किंवा खोलीच्या भाड्याचा नको. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात या मजल्यावर किती माणसं असतात, आणि ज्यांना स्वतः वळता येत नाही असे रुग्ण किती आहेत, हे दोन आकडे विचारा. तिसरा प्रश्न: त्यातल्या शिकलेल्या नर्स किती? नर्सिंगच्या अभ्यासक्रमांपैकी जीएनएमचा तीन वर्षांचा, एएनएमचा दोन वर्षांचा. बाकीच्या बाया कष्टाळू आणि प्रेमळ असतात, पण बऱ्याचजणी कामावरच शिकलेल्या असतात. पांढरे कपडे सगळ्यांचेच असतात, म्हणून विचारल्याशिवाय कळत नाही. हवेची गादी चांगली असेल तर दोन तासांचं अंतर थोडं वाढवता येतं, ते डॉक्टर ठरवतात. पण गादी आहे म्हणून वळवायचंच नाही, असं होत नाही.

कळ म्हणजे उद्या नव्हे

आता एक अशी गोष्ट, जी फक्त आपल्यासारख्यांनाच भेडसावते. आत्याने आयुष्यभर शाळेत हिंदीतून भूगोल शिकवला. पण दुखण्यात, अर्धवट झोपेत, ग्लानीत माणूस आपल्या भाषेत परत जातो. आत्या बायांशी मराठीतून बोलायला लागली आणि तिला ते कळतही नव्हतं.

"कळ येतेय गं," ती म्हणायची. बाई समजूत घालायची, "हाँ अम्मा, कल आएगी दीदी।" कळ उद्या येणार असं समजून तिला दुखण्याची गोळी मिळायची नाही.

लघवीची नळी काढल्यानंतर तिसऱ्या दिवशी ती सांगत होती, "मला उन्हाळी लागलीय." बाईने पंखा वाढवला. लघवीला आग होतेय हे तिला कसं कळावं? दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या संध्याकाळी मी पोचले तर आत्या भिंतीकडे तोंड करून गप्प पडलेली, मला बघून ओळखीचं हसलीही नाही. "आज बहुत शांत हैं अम्मा, कोई तकलीफ नहीं," बाई कौतुकाने म्हणाली.

हे शांतपण ध्यानात ठेवा. म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बदललं, असंबद्ध बोलायला लागलं, रात्रभर जागून दिवसा झोपू लागलं किंवा एकदम गप्प झालं, तर त्याला डिलिरियम म्हणतात. हा वयाचा दोष नव्हे आणि स्मृतिभ्रंशही नव्हे. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो, डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होत राहतो. त्यामागे बहुतेक वेळा शोधून काढता येण्यासारखं कारण असतं: लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता, न सांगता आलेलं दुखणं, नवीन औषध. चष्मा किंवा कानातलं मशीन कपाटात राहिलं तरी भर पडते. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात. गप्प पडलेल्याकडे कोणी बघत नाही, म्हणून तोच जास्त धोक्यात असतो. आत्याची लघवी तपासली, संसर्ग निघाला, अँटिबायोटिक सुरू झालं आणि चौथ्या दिवशी तिने मला विचारलं की श्रावण लागला का.

त्या रात्री मी घरी येऊन मुलाच्या वहीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. कळ म्हणजे टीस. उन्हाळी म्हणजे पेशाब में जलन. तहान म्हणजे प्यास. कूस म्हणजे करवट. मळमळ म्हणजे जी मिचलाना. धाप म्हणजे साँस फूलना. मुंग्या म्हणजे झुनझुनी. ते खाटेमागच्या भिंतीवर चिकटवलं. बाया हौसेने शिकल्या. दोनच दिवसांत त्यातली एक आत्याला विचारायला लागली, "अम्मा, तहान?" इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, जिथे कुठे आपला माणूस परभाषकांच्या हाती द्यायचा असेल तिथे हा कागद पहिल्या दिवशी लावा.

पाण्याचंही तिथेच लक्षात आलं. वय वाढतं तशी तहान लागण्याची जाणीव बोथट होते, म्हणून माणूस मागत नाही. त्यात संडासला न्यायला कोण येईल या संकोचाने म्हातारी माणसं मुद्दाम कमी पितात. आत्याने नंतर मला तसं कबूल केलं. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे की वृद्ध बाईच्या पोटात दिवसाला निदान 1.6 लिटर आणि पुरुषाच्या 2 लिटर पेय जावं. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. खाटेशेजारी भरलेला तांब्या ठेवलाय म्हणजे पाणी दिलं असं होत नाही. हात पोचतो का, तांब्या उचलतो का, संध्याकाळी तो किती रिकामा झाला, ते बघा. पक्षाघात झालेला माणूस असेल तर गिळण्याची तपासणी झाली आहे का हे विचारा. पडल्या पडल्या पाजलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. नीट बसवून भरवायचं आणि जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं.

बांधणं आणि झोपवणं

माणसं कमी असली की दोन सोपे मार्ग सुचतात: नळी उपसू नये म्हणून हात खाटेला बांधायचे, किंवा रात्री झोपेची गोळी द्यायची. सहा नंबरच्या आजोबांचे हात दुसऱ्या दिवशी बांधलेले दिसले. बांधलेलं माणूस जास्त घाबरतं, जास्त धडपडतं, त्याला जखमा जास्त होतात. अमेरिकेत 1987 च्या कायद्याने नर्सिंग होममधल्या माणसाला सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी बांधायला मनाई झाली. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, ती पडतात, गोंधळतात. वृद्धांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची यादी मार्क बिअर्स या डॉक्टरांनी 1991 मध्ये केली, ती अजूनही वेळोवेळी सुधारली जाते आणि या गोळ्या तिच्यात आहेत. म्हणून दर आठवड्याला औषधांचा कागद मागा. नवीन नाव दिसलं की ते कशासाठी, किती दिवस, कोणी लिहिलं, एवढं विचारा. हा आपला हक्क आहे, त्यात कोणावर अविश्वास दाखवणं नाही.

प्रगती मोजायची कशी

"फिजिओ झाली का?" "हो, झाली." हे उत्तर मी पहिले दहा दिवस ऐकत होते. वीस मिनिटं पाय वरखाली करून फिजिओ होते, पण उरलेले तेवीस तास माणूस आडवाच असेल तर ताकद येणार कुठून? जेवायला खुर्चीत बसवणं, डायपर न लावता कमोडपर्यंत चालवणं, स्वतःचे केस स्वतः विंचरू देणं, हीच खरी फिजिओ. डायपर बायांच्या सोयीचा असतो. चालू शकणाऱ्या माणसाला तो सवयीने लावला की हळूहळू त्याची गरजच पडायला लागते.

मोजायला एक चांगलं साधन आहे, बार्थेल इंडेक्स. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेलं. दहा रोजच्या गोष्टी: जेवणं, अंघोळ, तोंड धुणं-विंचरणं, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडास वापरणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, चालणं, जिना. एकूण 100 गुण. फिजिओच्या मुलाला मी विचारलं तेव्हा तो खुलला. "कोई पूछता ही नहीं, मैडम," म्हणाला आणि लगेच भरून दिलं. आत्या आली तेव्हा 35. दाखल करताना हा आकडा लिहून घ्या आणि दर आठवड्याला पुन्हा मागा. दोन आठवडे तो हलला नाही तर का, हे विचारा. वजनही लिहून ठेवा. महिन्यात पाच टक्के वजन उतरलं तर ते गंभीर समजतात, म्हणजे 50 किलोच्या बाईचं अडीच किलो.

कागद आणि पैसा

मध्य प्रदेशात उपचार देणाऱ्या खासगी जागांसाठी 1973 चा उपचर्यागृह कायदा आहे आणि नोंदणी जिल्ह्याच्या सीएमएचओ, म्हणजे मुख्य आरोग्य अधिकाऱ्याच्या, कार्यालयाकडे होते. नोंदणीचा कागद दर्शनी भिंतीवर दिसला नाही तर मागा. मात्र अमेरिकेत 2008 पासून नर्सिंग होमना सरकार दर्जाचे तारे देतं आणि ते कोणालाही बघता येतात, तसं आपल्याकडे काही नाही. म्हणून तर हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं.

विम्याचं आधीच समजून घ्या, मी नंतर समजून घेतलं आणि भुर्दंड बसला. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत विमा नियामकाने ठरवून दिलेलं एक प्रमाणित अपवादाचं कलम असतं, एक्सक्ल्यूजन 05. मुख्यतः विश्रांतीसाठी किंवा नुसत्या देखभालीसाठी, म्हणजे अंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडवणं यासाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही. 70 वर्षं आणि त्यावरच्यांना ऑक्टोबर 2024 पासून सरकारी विम्याचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पण त्याचे पाच लाख इस्पितळातल्या उपचारांसाठी आहेत, महिनोन्‌महिने सांभाळण्यासाठी नाहीत. रिहॅबचा खर्च बहुतेक खिशातूनच जातो. दिवसाच्या दरात डायपर, औषधं, फिजिओ, हवेची गादी धरली आहे का, ते लेखी घ्या.

तक्रार करायची वेळ आली तर आधी सिस्टर इन्चार्जशी बोला, तारीख-वेळ घालून लेखी द्या आणि जखमेचा फोटो काढून ठेवा. ज्येष्ठांसाठी देशभर 14567 ही मोफत हेल्पलाइन आहे. मी स्वतः तक्रार केली नाही. मी रोज वेगवेगळ्या वेळी जायला लागले. कधी सकाळी सातला, कधी दुपारी तीनला, कधी रात्री नऊला. ठरलेल्या तासाखेरीज आत येऊ देत नाही अशा जागेत मी माझं माणूस ठेवणार नाही. गेले की आधी पांघरूण वर करून टाचा बघायचे, मग माकडहाड, मग तांब्या, मग गप्पा. महिन्याभरात शेजारच्या खाटांवरच्या नातेवाइकांनीही टाचा बघायला सुरुवात केली आणि व्यवस्थापनाने रात्रीला दुसरी बाई लावली.

आत्या घरी निघाली तेव्हा आकडा 80 होता. संडासला अजून थोडा आधार लागतो, अंघोळ मी घालते. उरलेले दहा गुण जिन्याचे. खुर्चीत बसवून चौघांनी तिला वर आणलं. आता रोज संध्याकाळी ती कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरते आणि दोन चढते. कालपासून तीन.